मागं राहणारी अक्का

आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांच्या किल्ल्या अक्काच्या कमरेला असायच्या. दसरा झाला आणि ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर येऊन उभे राहिले, की बायका एकेक करत तिच्याकडं यायच्या, दाराला घातलेल्या कुलपाची किल्ली तिच्या हातात द्यायच्या आणि मागं न बघता ट्रॉलीत चढायच्या. अक्का त्या किल्लीला त्याच बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवी. मोरपंखी चिंधी भामाकाकूची, फुलाफुलांची आशावहिनीची. सगळा जुडगा दोरीत ओवून ती कमरेला खोचायची. डावा पाय ओढत ती चालायला लागली की किल्ल्या वाजायच्या, आणि अभ्यास सोडून गोट्या खेळणारी पोरं तेवढ्या आवाजानं पुस्तकं उघडून बसायची. त्या पोरांत मीही असे.

दिंद्रुडच्या बाजारात उभं राहून डोंगराकडं नजर टाकली, तर अगदी वर, कड्याला चिकटून एक लिंबाचं झाड दिसतं. तिथं आमची वाडी. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण खालची माणसं ‘वरची वाडी’ म्हणूनच ओळखतात. वर सगळा माळ. वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली खडक. सीताफळं न लावता येतात, बाजरी आणि तूर लावूनही पुरेशी येत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. डांबरी रस्ता आत्ता कुठं वर आला. माझ्या लहानपणी ट्रॅक्टर आणि टँकर कसेबसे चढतील अशी लांबच्या वळशाची कच्ची वाट होती, एरवी घाटाच्या पायवाटेनं खाली उतरावं लागे, आणि आजारी माणसाला बाजेवर घालून चौघं खाली नेत. पिकतं ते अर्ध्या वर्षाला पुरतं, म्हणून उरलेलं अर्धं वर्ष वाडी कारखान्याच्या उसात असते. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. तोवर मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं, कुत्री आणि अक्का.

बंद घरं ती बंद ठेवत नसे. आज या आळीची, उद्या त्या आळीची, असं करत सगळी घरं उघडायची, झाडायची, उंदरांची बिळं बुजवायची, देवापुढं दिवा लावायची आणि पुन्हा कुलूप घालायची. कुलूप काढण्याआधी मात्र दारातून हाक मारायची, “कोण हाय का गं घरात?” आम्ही हसायचो. आत कुणी नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकदा मी विचारलं, “अक्का, किल्ली तुझ्याकडं आणि हाक कुणाला मारतीस?” ती म्हणाली, “घराला मारायलेय. मुक्या घराला लवकर वाळवी लागती, बाई. त्याला बी बोलून घ्यावं लागतंय.” मग आत जाऊन ती खरंच बोलायची. “भामे, तुजी कणगी कोरडी हाय गं, फिकीर करू नको,” असं भामाकाकूच्या रिकाम्या घरात मोठ्यानं सांगायची.

वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. कड्याजवळ एक उंच दगड आहे, त्यावर चढून उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. दिवस मावळतीला अक्का सगळ्या पोरांना त्या दगडाशी घेऊन जायची. तिकडं माणसं उसातून आपल्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, परतायची तीच वेळ. एकेक पोर दगडावर चढायचं, आई-बापाशी बोलायचं, उतरायचं. रडायचं असेल तर उतरल्यावर, हा अक्काचा कायदा होता. “तिकडं त्यांच्या हातात कोयता हाय. डोळ्यांत पाणी घेऊन कोयता चालवायचा न्हाई.” पोरगं खाली उतरून तिच्या लुगड्यात तोंड खुपसायचं आणि मग कितीही रडायचं. तिची त्याला हरकत नसे.

सगळ्यात शेवटी अक्का स्वतः बोलायची. पाय वर चढत नसे, म्हणून आम्ही पोरं तिला खालून ढकलायचो. तिचा फोन माझ्या आईला असे. आणि आता हे सांगायलाच हवं, की अक्का माझी सख्खी आई नव्हती. ती माझ्या वडिलांची, दादांची, पहिली बायको. आई दुसरी.

अक्का लग्न होऊन आली तेव्हापासून दादांबरोबर उसाला जात होती. उसात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एका हंगामात उसानं भरलेली बैलगाडी बांधावर चढवताना बैल घसरला आणि चाक अक्काच्या घोट्यावरून गेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पुढच्या वर्षी मुकादम दादांना म्हणाला, “अर्धा कोयता घेऊन मी काय करू? जोडी आण.” दादांनी जोडी आणली. माझी आई शांता, तोडकऱ्याच्याच घरातली, उसाच्या फडाशेजारी कोपीत जन्मलेली. लग्नात ती किती मोठी होती म्हणून विचारलं, तर आजही नीट सांगत नाही. “हळदीत मला झोप लागली होती,” एवढंच सांगते.

त्या दिवशी अक्कानं तिला उठवून खाऊ घातलं आणि म्हणाली, “भिऊ नको. मला सवत म्हणू नको, मी बी तुला म्हणायची न्हाई. मी तुजी थोरली.” आईनं तेव्हापासून तिला अक्का म्हटलं, आणि आईचं ऐकून सगळी वाडी अक्का म्हणायला लागली. त्याआधी तिला काय म्हणत, ते मला माहीत नाही.

त्या दगडावरून दोघी काय बोलायच्या, ते आम्ही खाली उभे राहून ऐकायचो. बहुतेक दादांची निंदा. “घोरतंय का आजून? कुशीवर वळव. न्हाईच वळलं तर पाणी वत.” मग आईची चौकशी. जेवलीस का, पाळीला दुखतंय का, हातावरच्या चिरांना तेल लाव. आई तिकडून काय म्हणायची ते ऐकू येत नसे. पण फोन ठेवला की अक्का थोडा वेळ तशीच बसून राहायची, दरीकडं बघत. मग म्हणायची, “चला, भाकरी करायच्यात,” आणि आमच्या खांद्यांवर हात टाकून उतरायची.

आमच्या वाडीची शाळा सातवीपर्यंत. पुढं दिंद्रुडच्या हायस्कूलला रोज घाट उतरून जावं लागे. वाडीतल्या मुलींची शाळा साधारण तिथंच सुटायची. माझी सुटली नाही, कारण अक्का रोज सकाळी कड्यापर्यंत यायची आणि मी दिसेनाशी होईपर्यंत तिथं उभी राहायची. संध्याकाळी परत तिथंच. मी नववीत असताना दसऱ्याच्या आधी दादांनी माझं लग्न काढलं. पलीकडच्या तांड्याजवळच्या वस्तीवरचं स्थळ. मुलाला उसाला जायचं होतं आणि त्याला जोडी हवी होती. टोळी निघायच्या आत उरकून टाकू, असं ठरत होतं.

दादा वाईट माणूस नव्हते, हे मला इथं लिहायला हवं. त्यांना भीती होती. ते अक्काला म्हणाले, “पोरीची जात. आमी सहा म्हैने तिकडं. जिवाला घोर लागतोय.”

“मी हाय की हितं,” अक्का म्हणाली.

“तू हायेस म्हून काय? कुणी पोरीला वढून नेलं, तर तू मागं पळणार हायेस का?”

अक्का चुलीपुढं बसून होती, तिनं जाळ पुढं सारला. आई पीठ मळत होती, तिचा हात थांबला. दादांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते लगेच उठून बाहेर गेले.

पाहुणे आले त्या दिवशी पोहे अक्कानंच केले. चहाही तिनंच केला. आईची साडी नेसवून मला पाटावर बसवलं. मुलाचे वडील होते, मामा होता, मुलगा खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरत होता. त्याची आई एका बाजूला, कमरेला हात लावून अवघडून बसलेली. भाकरी येते का, विचारून झालं. मग मामा मला वर-खाली बघत हसून म्हणाला, “अंगानं दणकट हाय. मोळी उचलील.”

किल्ल्या वाजल्या म्हणून मी मान वर केली. अक्का चुलीपासून उठून आली होती. ती सरळ मुलाच्या आईसमोर जाऊन बसली आणि तिनं डाव्या पायावरचं लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं. पुरुषांनी माना वळवल्या.

“ताई, हे नीट बघा,” अक्का म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, बाजारात भाव विचारावा तसा होता. “ह्यो पाय उसात मोडला. आमच्या घरात बाईचा पाय मोडला म्हून दुसरी आणली. त्या दुसरीचीच ही पोरगी. मला तुमच्या घरचं इचारायचंय. उद्या हिचा पाय मोडला तर तुमी काय करताल? तेवढं सांगा आन् मग नारळ फोडा.”

“ऊठ तितून!” दादा ओरडले. अक्का उठली नाही. माझी आई आतून आली आणि अक्काच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला पाहुण्यांसमोर डोक्यावर पदर न घेता उभी राहिलेली बघितली.

मुलाची आई त्या घोट्याकडं बघत होती. मग तिनं हात पुढं करून त्याला हळूच बोट लावलं. “दुखतंय का आजून?”

“थंडीत ठणकतंय.”

“माझी बी कंबर गेलीय,” ती बाई म्हणाली. “पाय तरी दावता येतोय. कंबर कुणाला दावू?” आणि ती जमिनीला हात टेकून उठली. नवऱ्याला म्हणाली, “चला. पोरगी शिकायलीय, शिकू द्या.” मामा काहीबाही बोलला, नवरा तणतणला, पण ती दारातून बाहेर पडली होती. मुलगा तिच्या मागं इतक्या घाईनं गेला, की त्याची एक चप्पल आमच्या अंगणात राहिली.

चारचौघांत झालेला तो अपमान दादांना गिळता आला नाही. हात त्यांनी कधीच उचलला नव्हता, त्या दिवशीही उचलला नाही. ट्रॅक्टर निघाला तेव्हा खाली बघत एवढंच म्हणाले, “मी परत येईन तवा तू ह्या घरात दिसू नको.”

अक्का त्यांच्या परत येण्याची वाट बघत बसली नाही. ट्रॅक्टर वळणापार गेला आणि तिनं आपलं अंथरूण उचलून मागच्या गोठ्यात नेलं. बैल उसाला गेले होते, गोठा रिकामा होता. तिनं तो शेणानं सारवला, एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली. मी माझं दप्तर घेऊन तिच्या मागोमाग गेले. साऱ्या वाडीच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. थंडी पडल्यावर गोठ्यात वारं शिरायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, “भामाकाकूच्या घरात जाऊ की झोपायला. ती काय नको म्हणणार हाय का?” अक्का म्हणाली, “ती नको म्हणायची न्हाई, म्हून तर जायचं न्हाई.” आम्ही पोत्यांचे पडदे शिवून लावले. त्या हिवाळ्यात मी नववीचा सगळा अभ्यास गव्हाणीत वही ठेवून केला. उंची अगदी बरोबर होती.

दगडावर जाणं सुरूच होतं. दादा फोनवर येत नसत. आई येई आणि अक्का तिला सगळं सांगे, फक्त आम्ही गोठ्यात राहतो हे सांगत नसे. मलाही सांगू देत नसे. पण अशा गोष्टी लपत नाहीत. कुणीतरी पोरानं आपल्या आईला सांगितलं, तिनं तिकडं कोपीवर माझ्या आईला.

पाडव्याच्या सुमाराला टोळी परत आली. बायका ट्रॉलीतून उतरून किल्ल्या घ्यायला अक्काभोवती जमल्या. माझी आई बोचकं घेऊन उतरली, घराच्या दारावरून पुढं गेली आणि थेट गोठ्यात येऊन तिनं बोचकं टाकलं. दादा मागून म्हणाले, “अगं, तिकडं कुठं?” आई म्हणाली, “थोरली जितं, तितं मी.” माझ्या आठवणीत आई दादांना उलटून बोलली ती एवढीच.

मग काही दिवस दादा घरात एकटे आणि आम्ही तिघी गोठ्यात, मधल्या अंगणात बैल बांधलेले. वाडीतले लोक येता-जाता बघायचे. किसनबप्पा नावाचे शेजारचे म्हातारे तर मुद्दाम तंबाखू मागायला यायचे आणि दोन्हीकडं डोकावून जायचे. घरातून धूर निघायचा, करपल्याचा वास यायचा. आई उठायला लागली की अक्का तिचा पदर ओढून बसवायची. “जळू दे. जळाल्याबिगर कळत न्हाई.” एका सकाळी दादा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. हाताला पीठ लागलेलं होतं, दाढी वाढलेली होती. आमच्यापैकी कुणाकडंच न बघता म्हणाले, “चला आता. मला भाकरी थापता येईना.”

“पोरगी धावीला जाणार,” अक्का म्हणाली.

“जाऊ दे की मग. मी कुठं धरलंय तिला?”

अक्कानं अंथरूण गुंडाळलं. आम्ही घरात गेलो. दादांनी माफी मागितली नाही आणि तिनं कधी तो विषय काढला नाही. पण पुढच्या दसऱ्याला निघताना त्यांनी अक्कासाठी जाड घोंगडी आणून दाराशी ठेवली होती. “थंडीत ठणकतंय म्हणं,” असं ते बैलाकडं बघत म्हणाले.

मी दहावी झाले, बारावी झाले, आणि आता एसटीत कंडक्टर आहे. गाडीत चढताना एखादी बाई पाय ओढत येताना दिसली, तर ती आत येऊन बसेपर्यंत मी घंटी देत नाही. ड्रायव्हर कधी कधी चिडतात. मी चिडू देते. अक्का एकदाच माझ्या गाडीत बसली, माजलगावपर्यंत. माझ्या शेजारच्या सीटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती न विचारता सांगत होती, “ही माझी. हिचं काम हाय हे.” उतरताना म्हणाली, “दिवसभर उभीच असतीस की गं. पाय सांभाळ.”

गेल्या माघात ती गेली. ताप आला होता. औषधानं उतरला, पुन्हा चढला, आणि एका सकाळी ती उठली नाही. किसनबप्पांनी, त्या वयात, दगडावर चढून मला फोन केला. वाडी रिकामी होती. मी पोचले तेव्हा अंगणात चार-दोन म्हातारी माणसं आणि शाळेची सगळी पोरं बसलेली होती. एकही पोर रडत नव्हतं. काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “रडा रे,” आणि मग सगळी एकदम रडली.

आई-दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मुकादम सोडायला तयार नव्हता. आई कोयता त्याच्या पायाशी टाकून निघाली होती, दादा तिच्या मागोमाग. तिनं निरोप पाठवला होता की मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तिनंच अक्काला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हळद-कुंकू लावलं. दादा पायाशी बसले होते. त्यांनी तो वाकडा घोटा दोन्ही हातांत धरला होता आणि आई सांगेपर्यंत सोडला नाही. खांद्याला माणसं कमी पडली. किसनबप्पा एका बाजूला, शाळेचे गुरुजी दुसऱ्या. मागं मी आणि आई. दादा विस्तवाच्या मडक्याचं शिकाळं धरून पुढं चालले होते.

त्यानंतर आई उसाला गेली नाही. दादांचेही गुडघे गेलेत, त्यांनाही कुणी न्यायला आलं नाही. या दसऱ्याला ट्रॅक्टर आले आणि माणसं घेऊन गेले. आई जन्मात पहिल्यांदा मागं राहिली. मला काळजी होती की तिला करमणार नाही. डिसेंबरात एका दुपारी गाडी स्टँडवर उभी असताना तिचा फोन आला. रस्त्याबरोबर आता वाडीत रेंजही आलीय. तिचा आवाज काहीतरी वेगळा वाटत होता.

“अगं,” ती म्हणाली, “आपल्या वाडीला बोरं किती येतेत!”

मी त्याच बोरांवर वाढले होते.

“सगळा माळ लाल झालाय. सकाळी खाली धुकं भरतंय, दिंद्रुड दिसतच न्हाई, नुसतं पांढरं. मी कड्याला जाऊन बसले होते. इतकी वर्सं झाली ह्या वाडीत येऊन, मला हे ठाऊकच न्हवतं. अक्का रोज फोन करायची, सारं सारं सांगायची. बोरांचं मातर कधी बोलली न्हाई बघ.”

“कावून बोलली नसंल?” मी विचारलं.

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर मला तिकडं राहवलं असतं का?”